चार बोटांची फट

कांदळजुवे
१४ ऑक्टोबर २०२४

नम्रता,

जयभीम. पुढचं वाचायचं की इथेच घडी घालायची ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस. रेंज मिळावी म्हणून गुडघे धरून शाळेमागच्या कातळाच्या सड्यावर चढायचं, आणि वर गेलं की ती बाई सांगणार, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती उत्तर देत नाही. एकदा तर मी तिलाच विचारलं, मग केव्हा देणार? पत्राचं बरं असतं. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरची कोरी पानं उरली होती, त्यावर लिहिते आहे. तीस वर्षं त्यात पोरांची वजनं लिहिली, आता हे.

या महिन्यात बेटावरून पत्र जायचं ते कापणीच्या खबरीचं. या वर्षी चौदा घरांच्या मळ्यात विळा लावण्यासारखं काही नाही. लोंब्या वर आल्या, पण चिमटीत धरल्या की पोचट. गुरांनी तोंड लावलं आणि सोडून दिलं. मळ्याकडच्या विहिरीचं पाणी अजून खारट आहे, चहात दूध घातलं की फाटतं. वरच्या विहिरीवर सगळ्यांची रांग लागते आणि मी गेले की रांगेतलं बोलणं थांबतं.

आज विहारात वंदना झाली. तू खांबाला टेकून बसायचीस ती जागा कोणी घेतली नाही. मथुराने विचारलं, "नम्रता कदी येनार गो?" मी म्हटलं, मनस्वीची शाळा चालू आहे, मुंबईतल्या शाळेला दसऱ्याची सुट्टी कमी असते. बघ, अजून तुझ्यावर पांघरूण घालतेच आहे.

तू मात्र माझ्या अंगावरचं ओढून काढलंस, तेही भर सभेत. तुला आठवत नसेल तर लिहून ठेवते. तेरा सप्टेंबर, शाळेचा व्हरांडा. गौरी-गणपती पोचवून चाकरमानी अजून परतले नव्हते, म्हणजे बेटावर एरवी असतात त्याच्या दुप्पट माणसं. बांधाचा कारभार आत्मारामदादांकडे, त्यांनी तुला विचारलं, "उघाडीची फळी कोनी उचलली?" आणि तू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणालीस, "वयनीच बोलली. चार बोटं उघडी ऱ्हाऊ दे."

मी बोलले? केव्हा बोलले? घराची शोभा नको म्हणून सभेत मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी, म्हणजे दोन सप्टेंबरला, मी सकाळी आठच्या होडीने पावसला गेले होते, बँकेत आधारचा अंगठा लावायला. तेही बांधावरून नाही, वरच्या पाणंदीने. उघाडीच्या जवळपासही मी फिरकले नव्हते.

पोफळीच्या कॉलनीतून तू माझी धाकटी जाऊ होऊन या घरात आलीस तेव्हा पाणी नळातून येतं आणि मोरीतून जातं एवढंच तुला ठाऊक होतं. खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते, हे तुला बांधावर उभं करून मी दाखवलं. ओहोटीला बांधाच्या दाराच्या, उघाडीच्या, फळ्या आकड्याने वर घ्यायच्या, मळ्यातलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं, आणि भरती फिरायच्या आत फळ्या खाली बसवायच्या. ज्या घराची पाळी त्याने आठवडाभर एवढंच सांभाळायचं. फळी चार बोटं वर ठेवून भरतीबरोबर कोळंबी आत घ्यायची आणि पुढच्या ओहोटीला जाळं लावून धरायची, हा चोरटा धंदा बेटावर कोणी केला नाही? मीही केला आहे. पण अष्टमीच्या भांगाला, पाणी मरगळलेलं असतं तेव्हा. अमावस्येच्या उधाणाला नाही. उधाणाचा लोट एकदा फटीत घुसला की दहा माणसं फळीवर उभी राहिली तरी ती खाली बसत नाही. तशी ती बसली नाही, आणि तीन भरत्या मळ्यात शिरल्या.

अनिल मुंबईहून यायचा होता आणि नवऱ्याला कोळंबी आवडते, हे मलाही कळतं. चूक झाली. चुकीबद्दल मी तुला एक शब्द बोलले नसते. पण तू ती माझ्या नावावर ढकललीस आणि आपल्या घराची पाळी गेली. आपल्या सासऱ्यांनी, आबांनी मिळवलेली पाळी, तुझ्या एका वाक्यात.

मिरगाच्या आधीच्या रविवारी नवी यादी वाचतील. ज्याला काही सांगायचं आहे त्याने तेव्हा उभं राहून सांगायचं, एकदा वाचून झाली की ती यादी खरी. या खेपेला तो रविवार एक जूनला येतो. तू ये. उभी राहा, खरं काय ते दोन वाक्यांत सांग आणि पुढच्या होडीने परत जा. घरात पाऊल टाकू नकोस हवं तर. सभेवरून येताना मी तुला जे बोलले ते मागे घेत नाही, पण येऊ नको असं त्यात नव्हतं.

सुनंदा बाबाजी तांबे


९ डिसेंबर २०२४

नम्रता,

मथुरा काल दादरहून आली. सहा तारखेला रांगेत तू भेटलीस म्हणे, मनस्वीला घेऊन. मनस्वी उंच झाली आणि तिचे केस तू कापून टाकलेस, हे ती दोनदा सांगत होती. तेरा वर्षं त्या केसांना मी खोबरेल चोळलं. असो, केस तुझ्या मुलीचे.

मग मथुरा म्हणाली, "मी तिला इचारलं, असं कसं गो बोललीस सभेत? तर बोलली, वयनीला इचार. तिला सगळं ठावं हाय."

मला काय ठाऊक आहे? सांग ना. एवढं बोलायला जीभ उचलते तर पुढचंही बोलायचं होतंस. चोर तो चोर वर शिरजोर. मथुरा माझ्या तोंडाकडे बघत बसली आणि मी चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे करत राहिले. ते बोलणं आता वाडीभर फिरेल.

थंडी या वर्षी बरी आहे. सकाळी खाडीवर धुकं असतं, नितेशची होडी दिसत नाही, नुसता वल्ह्याचा आवाज येतो. ओहोटीला बायका चिखलातले मुळे, शिंपले काढायला उतरतात. मी एकटीच बेटाच्या शेपटाकडे जाते, तिथे शिंपले बारके मिळतात पण कोणी बोलायला नसतं. कुळीथ पेरायचे ते मळ्यातच पेरायचे, मळ्यात खार, त्यामुळे यंदा पिठीसुद्धा विकतची. बेटाच्या माणसाने कुळथाची पिठी विकत आणायची, यापुढे काय बोलायचं?

सभेत मागच्या बाजूला कोणीतरी एक वाक्य टाकलं होतं, तू ऐकलंस ना? "त्यांच्या हातात दिला की असांच व्हायचा." कोण बोललं ते मला दिसलं नाही, मुंबईहून आलेल्यांपैकी कोणी असेल. त्याला कोणी गप्प केलं नाही. आत्मारामदादांनी नाही, मी नाही, तू नाही. माझ्याबद्दल काहीही बोला, मी जाड कातडीची आहे. पण ते वाक्य माझ्यावर नव्हतं, आबांवर होतं, वाडीवर होतं. आणि त्याला वाट तू करून दिलीस.

खरं सांगू? तू का केलंस ते मला कळतं असं मला वाटतं. दोन तारखेच्या आदल्या संध्याकाळी, भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे पाठ करून तू सांगितलंस, गणपतीनंतर मनस्वीला मुंबईला नेणार, तुम्हीही सगळे तिकडेच राहणार, अनिलने खोली बघितली आहे. विचारलं नाहीस, सांगितलंस. मी काही बोलले नाही म्हणून तुला वाटलं असेल की म्हातारी आता सूड घेणार, त्याआधी आपणच घ्यावा. अगं, मी सूड घेणारी असते तर दुसऱ्या दिवशी करंजाच्या खोडाला तांबड्या दोरीने बांधून ठेवलेलं तुझं जाळं उचलून खाडीत फेकलं असतं.

एक जून लक्षात ठेव.

सुनंदा


१६ फेब्रुवारी २०२५

नम्रता,

अनिलचा फोन मथुराच्या फोनवर आला होता. म्हणाला, "वयनी, जुनं उगाळू नका. ती रडते." मी म्हटलं, रडू दे, खारं पाणी बाहेर पडलेलं बरं. त्याने ठेवून दिला. पूर्वी माझ्या असल्या बोलण्याला तो हसायचा.

आंबा चांगला मोहरला आहे. आपल्या दारचा रायवळ तर पान दिसणार नाही इतका. तुडतुडा पडला नाही तर बघायला नको. पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

बांधाला माती टाकायचं काम सोमवारपासून चाललं. घरटी एक माणूस, तीन दिवस. आत्मारामदादांनी निरोप पाठवला, तांबे घरातून कोण येणार? मी घमेलं घेऊन गेले. तीन दिवस खाजणातली चिकण माती डोक्यावरून वाहिली, चौपन्नाव्या वर्षी. शेवटच्या दिवशी दुपारी सगळे भाकरी खायला बसले तेव्हा मी विचारलं, "दादा, माती टाकायला आमचं घर चालतं, पाळीला नाही?"

ते वाईट माणूस नाहीत. घास खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, "सुनंदा, माज्या हातात काय हाय गो? सांगनारा मानूस तुज्याच घरातला व्हता."

मी भाकरी फडक्यात परत बांधली आणि घमेलं उचललं.

आबा कसे सांगायचे ते तू ऐकलं आहेस, पण तुला ती म्हाताऱ्याची बडबड वाटायची, म्हणून पुन्हा सांगते. बांध फुटला की माती टाकायला आपल्या वाडीला पहिलं बोलावणं यायचं. मळ्यात आबांचा तुकडा होता, बांधात त्यांच्या बापाच्या डोक्यावरची माती होती. पण उघाडीचा आकडा या घरात कधी आला नाही. दर वर्षी यादी वाचून संपली की त्यांच्या लेखी नुसता बाबू तांबे असलेले आबा उभे राहायचे आणि एवढंच विचारायचे, "आमचं नाव कदी?" भांडण नाही, अर्ज नाही. लोक उठून चालू लागायचे, पोरं नक्कल करायची. नऊ वर्षं विचारलं. दहाव्या वर्षी, एकोणऐंशी साली, विचारायच्या आधीच नाव वाचलं गेलं. त्या वर्षी पाळीच्या आठवड्यात आबा घरी झोपले नाहीत, उघाडीवरच घोंगडी टाकून पडले. तुझे भावोजी तेव्हा बारा वर्षांचे, ते भाकरी घेऊन जायचे.

आणि आता मी डोक्यावर माती घेऊन तिथेच येऊन उभी राहिले आहे, जिथून आबा निघाले होते. मला या घरात आणलं ते आबांनी, शिकायला पाठवलं ते आबांनी. यादी वाचून संपेल आणि तांबे हे नाव त्यात नसेल, ते मी बसून ऐकायचं? नम्रता, मला माझं नाव धुऊन नको आहे. घराचं नाव वाचलं जाऊ दे, एवढ्यासाठी तू ये.

सुनंदा


१६ एप्रिल २०२५

नम्रता,

परवा जयंतीला तू आली नाहीस. चौदा तारखेला तरी येशील म्हणून मी ओटा सारवून ठेवला होता, पुरणही घातलं होतं. दुपारच्या होडीला मथुरा धक्क्यावर जाऊन बघून आली, मी मात्र गेले नाही. मिरवणूक आपल्या दारावरून गेली तेव्हा माझ्या हातात ओवाळणीचं ताट होतं आणि डोक्यात भलतंच. दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून लिहिते आहे. हे पत्र लिहून झाल्यावर मी परत वाचणार नाही, नाहीतर टाकणारच नाही.

ऑक्टोबरात मी लिहिलं की मी वरच्या पाणंदीने गेले. खोटं लिहिलं. मी बांधावरून गेले.

डिसेंबरात मी तांबड्या दोरीचं आणि करंजाचं लिहून गेले, ते तुझ्या लक्षात आलं असेल. बांधावरून गेल्याशिवाय ते मला दिसलं कसं? पत्र टाकल्यावर घरी येताना माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून तू उलट विचारशील म्हणून मी वाट बघते आहे. तू तेही विचारत नाहीस.

आठला थोडा वेळ होता. उघाडीशी आले, थांबले, वाकून बघितलं. भरती चढायला लागली होती, फळी चार बोटं वर होती. चारच. मी बोटं घालून बघितली नाहीत, पण माझी नजर चुकत नाही. अजून जोर नव्हता पाण्याला. त्या वेळी मी ती फळी पायाने दाबली असती तरी बसली असती. तुला हाक मारली असती तर तू दोन मिनिटांत आली असतीस, घर समोर दिसत होतं.

मी पदर खोचला आणि होडीकडे गेले.

का गेले ते तुला कळायला हवं. रात्रभर मला झोप नव्हती. तुझे भावोजी तर केव्हाच गेले, आता मनस्वीही जाणार, घरात मी आणि भिंती. तू मला विचारलंसुद्धा नाहीस. त्या फटीकडे बघून मला वाटलं, होऊ दे एकदा हिची फजिती. मळ्यात थोडं खारं पाणी येईल, लोक हिला चार शब्द सुनावतील, मग ही माझ्याकडे येईल, वयनी आता काय करू म्हणत. मग मी सांगीन. मग कदाचित मुंबईचंही मला विचारील. एवढंच होतं मनात, मळा बुडवायचं नव्हतं. अमावस्या आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी एवढंच होतं. दोन्ही खरं आहे.

एकच्या होडीने परत आले तेव्हा बांधावर सगळं बेट उभं होतं आणि मळा पांढरा दिसत होता.

म्हणून मी सभेत गप्प बसले. घराची शोभा नको म्हणून नव्हे. "मी तिथे नव्हते" म्हटलं असतं तर नितेशने लगेच सांगितलं असतं की वयनी बांधावरून आली, मी होडीतून बघितली. तू माझ्यावर खोटं घातलंस आणि मला तुझं खोटं खोडता येईना, कारण माझं खरं त्याहून वाईट होतं. सात महिने मी तुला शिव्या घालते आहे त्या या रागाने.

पण नम्रता, तू तरी खोटं बोललीसच ना? मी बघितलं हे तुला ठाऊक नव्हतं. मी काही बोलले नव्हते. सतरा वर्षं एका चुलीवर जेवून तू माझं नाव घेतलंस. त्याचा राग अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

सुनंदा


१५ मे २०२५

नम्रता,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पौर्णिमा होती, आम्ही विहारात होतो. नितेश धक्क्यावरूनच ओरडत आला, "वयनी, मुंबैचा पत्र!" सगळ्यांसमोर उघडलं नाही. घरी आणलं, हात धुतले, मग उघडलं.

तू लिहिलं आहेस ते मी इथे पुन्हा उतरवते. का ते विचारू नकोस. उतरवल्याशिवाय ते मला खरं वाटत नाही.

"वयनी, मी मागच्या दगडी गडग्याशी उभी होते. तुम्ही थांबलात, वाकलात, बघितलंत, हे मी बघत होते. अमावस्या म्हणून माझ्या मनात धाकधूक होती. म्हटलं, आता हाक मारतील. तुम्ही पदर खोचून पुढे गेलात. पाळी देताना-घेताना जुनं माणूस फळी बघतं आणि न बोलता पुढे जातं, म्हणजे फळी बरोबर, हे तुम्हीच मला शिकवलंत. चुकली असेल तरच हाक. सतरा वर्षं तुम्ही बघून पुढे गेलात की मी निर्धास्त झाले, तशी त्या दिवशी झाले. आत जाऊन तांदूळ निवडत बसले. सभेत दादांनी विचारलं तेव्हा वयनी बघून गेली म्हणजे वयनी चालेल बोलली, असंच माझ्या मनात होतं. तुम्ही सभेत गप्प राहिलात, मला वाटलं तुम्हालाही तेच मान्य आहे. नंतर तुम्ही लिहिलंत की बांधावरून गेलेच नाही. डोळ्यांनी बघितलेलं. त्याला मी काय उत्तर लिहू?

वयनी, आठ महिने मी तुमच्या डोळ्यांना दोष दिला. अनिलला म्हटलं, वयनीला मोतीबिंदू असेल, फट दिसली नसेल, रत्नागिरीला नेऊन दाखवायला हवं होतं. आता तुम्ही लिहिता की दिसली होती. मी येणार नाही. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

मोतीबिंदू. मी इथे तुला खोटारडी ठरवत होते आणि तू तिकडे माझ्यासाठी डोळ्यांचा डॉक्टर शोधत होतीस.

तुझा माझ्यावर असलेला विश्वास मी पायाखाली घातला आणि वर तुझ्याकडूनच माफीची वाट बघत बसले. विश्वासघात हा शब्द मी ऑक्टोबरापासून प्रत्येक पत्रात लिहिता लिहिता थांबत होते, फार मोठा वाटायचा. तो तुझ्यासाठी राखून ठेवला होता. तो माझा निघाला.

विहिरीचं पाणी थोडं गोडावलं आहे. आंबा संपत आला, तुमची पेटी भरली होती ती मथुराच्या भाच्याबरोबर पाठवली आहे, परत पाठवू नकोस, मनस्वी खाईल.

वयनी


२ जून २०२५

नम्रता,

पाऊस या वर्षी मे संपायच्या आतच कोसळला. लोकांचे काजू वाळायचे राहिले, लाकडं भिजली, यादी व्हरांड्यात वाचायची तर वाऱ्याने सगळे आत वर्गात जाऊन बसले, पोरांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन. एरवी मी हसले असते.

आत्मारामदादांनी कागद उघडला आणि पद्धतीप्रमाणे विचारलं, "कोनाला काय सांगायचा हाय?"

मी उठले. म्हटलं, फळी नम्रताने चार बोटं ठेवली हे खरं. पण आठच्या होडीला जाताना मी बांधावरून गेले. थांबले, फट बघितली, आणि हाक न मारता पुढे गेले. ती गडग्यावरून मला बघत होती. थोरलं माणूस बघून पुढे गेलं म्हणजे फळी बरोबर, हा आपला नेम. तिने तो पाळला, मी मोडला. नजर चुकली म्हणून नाही, रागाने मोडला.

कोणीतरी "आगो बाय!" म्हणालं. मथुराने तोंडावर पदर घेतला. मला ठाऊक होतं आता काय येणार, म्हणून मी बसले नाही. म्हटलं, "आणि मागच्या खेपेला इथे कोणीतरी बोललं होतं, यांच्या हातात दिलं की असंच होतं. ज्याने कोणी ते म्हटलं त्याने ऐकावं. चूक सुनंदाची आहे. वाडीची नाही, तांबे घराची नाही. या घराने पंचेचाळीस वर्षं पाळी सांभाळली, एकदाही मळा बुडू दिला नाही. ते कुठे लिहिलेलं नाही म्हणून मी तोंडाने सांगते."

आत्मारामदादांनी कागद गुडघ्यावर ठेवला. त्यांचंही भात गेलं होतं, ते विसरू नकोस. मग म्हणाले, "तुज्या हातात आकडा नाय द्यायचा मी. जित्ती हाय तवर नाय."

मी म्हटलं, नका देऊ.

"मग तांब्यांच्या घराचा नाव कोनाचा लावू?"

मी तुझं नाव सांगितलं. तुला विचारलं नव्हतं. तू भाकऱ्या थापताना मला विचारलं नव्हतंस, तसंच. पण हे सुडाने केलं नाही, एवढ्यावर माझा विश्वास ठेव, ठेवता आला तर. दोघं-तिघं म्हणाले, ती तर मुंबईला, तिचा काय उपेग? दादा म्हणाले, "पाळीला हजर ऱ्हायली तर नाव खरा. नाय तर आकडा पुढच्या घराला, नि मग तांब्यांचा नाव परत वाचायचा नाय."

आणि त्यांनी यादी वाचली. सहाव्या घरानंतर, मोठ्याने, नम्रता अनिल तांबे. मी बाकावर बसले होते. माझं नाव नव्हतं आणि मला रडू आलं ते त्याचं नव्हतं.

आता तुला काय लिहू? ये म्हणायचा हक्क माझा राहिलेला नाही. गेल्या सगळ्या पत्रांत मी तुला बोलावलं ते माझ्या बाजूने बोलायला. हे तसं नाही. तू आलीस तर मथुराकडे राहा, ती तयार आहे. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. मनस्वीची शाळा बुडेल आठवडाभर, अनिलची रजा मिळणार नाही, हे सगळं मला दिसतं. आणि ज्या घराने तुला असं वागवलं त्याचं नाव तू का राखावंस, हेही तू विचारशील. आबा असते तर त्यांनी तुला एका वाक्यात सांगितलं असतं. मला ते येत नाही.

आपली पाळी वीस जुलै ते सव्वीस जुलै आहे. चोवीसला अमावस्या. उधाण दुपारी साडेअकरा-बाराला भरेल, त्याच्या आधी सकाळी सातच्या आत फळ्या पूर्ण खाली असायला हव्यात, सातच्या पुढे एक मिनिट नको. आकड्याला मी हात लावणार नाही, तसा शब्द दिला आहे. पण रोज सकाळी मी बांधावर असेन. फळी बघेन, आणि केसभर जरी चुकली असेल तरी अशी हाक मारीन की पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जाईल.

तू कोणत्या दिवशी निघतेस ते मथुराच्या फोनवर कळव. पाळीच्या आदल्या दिवसाची, शनिवारची, शेवटची होडी साडेपाचला सुटते, तुझी एसटी उशिरा आली तर नितेशला थांबवून ठेवायला सांगते.

वयनी